घोड्याचं सॅडल म्हणजे खोगीर दुरुस्त करून आणलं त्याचा रिव्ह्यू, आणि नंतर ते बसवायचं कसं

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक स्टार कापलाय तो कामासाठी नाही कापला, सॅडल हातात देताना जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही म्हणून कापलाय, ते काय ते खाली येईलच. रिव्ह्यू लांब झालाय त्याला इलाज नाही कारण सॅडलच्या दुरुस्तीबद्दल काउंटरवर उभं राहून मत देता येत नाही असं माझं ठाम म्हणणं आहे, त्या दिवशी कुठलंही सॅडल चकाचकच दिसतं. आत भरलेली लोकर बसली, नवीन वाद्या ताणल्या गेल्या, चार वेळा घोड्याचा घाम लागला की मग कळतं कारागिराने नेमकं काय केलंय ते.

आधी काय काय करून घेतलं ते सांगते. इंग्लिश पद्धतीचं जनरल पर्पज सॅडल आहे, चामडं जाड आणि चांगलं मुरलेलं, आतला सांगाडा म्हणजे ट्री लाकडाचा आणि त्याला स्टीलच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. कामं मुख्य तीन होती. पॅनलमधली, म्हणजे खाली घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या दोन गाद्यांमधली, जुनी लोकर पूर्ण काढून नवीन भरायची, तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा बांधायच्या वाद्या म्हणजे बिलेट सगळे बदलायचे, आणि डाव्या बाजूला सीटजवळ जी शिवण उसवली होती ती परत घालायची. वेळेवर मिळालं, सांगितलेल्या तारखेलाच, हे वेगळं लिहायची वेळ यावी हेच खरं तर वाईट आहे पण या धंद्यात लोक महिनोन् महिने लटकवतात म्हणून लिहिते.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे काम हातात घ्यायच्या आधी त्यांनी सांगाडा तपासला आणि माझ्यासमोर तपासला. सॅडलची पुढची बाजू मांडीला टेकवायची आणि मागची कड दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढायची. स्प्रिंग ट्री असेल तर थोडं लवतं, ते ठीकच आहे, पण करकर आवाज आला किंवा सीटच्या मधोमध चामड्याला आडवी घडी पडली तर समजायचं आत काहीतरी तुटलंय. मग पुढच्या कमानीची दोन्ही टोकं धरून आत बाहेर दाबून बघायची, तिथे हालचाल किंवा खटखट नको. ट्री मोडलेलं असेल तर वरून लोकर भरा नाहीतर सोन्याच्या दोऱ्याने शिवा, ती खोगीरभरतीच. घोड्याच्या पाठीवर वजन सारखं पसरवायचं काम ट्रीचं असतं आणि तेच गेलं असेल तर बाकी खर्च वाया. जो कारागीर ही तपासणी न करताच "ठेवून जा" म्हणतो त्याच्याकडे मी तरी ठेवून जाणार नाही.

शिवणीचं मनापासून कौतुक. दोन सुया एक दोरा अशी हातशिलाई आहे, प्रत्येक भोकातून दोरा दोन्हीकडून जातो त्यामुळे एखादा टाका झिजून तुटला तरी शेजारचे टाके धरून ठेवतात, मशीनच्या शिलाईत वरचा दोरा खालच्या दोऱ्यात नुसता अडकवलेला असतो, तो एका जागी तुटला की हळूहळू पुढचं सगळं सुटत जातं. दुसरं म्हणजे जुनीच भोकं वापरलीत, शेजारी नवीन भोकं पाडली नाहीत. हे बारीक वाटतं पण एकाच कडेला भोकांवर भोकं झाली की चामडं बरोबर त्याच रेषेवर फाटतं आणि मग ते शिवायलाही उरत नाही. दोऱ्याचा रंग जुन्यापेक्षा थोडा फिका आहे, मला काही फरक पडत नाही, शोमध्ये उतरणाऱ्यांना पडत असेल तर आधी बोलून घ्या.

आता वाद्या. इंग्लिश सॅडलला बहुतेक वेळा दर बाजूला तीन वाद्या असतात आणि त्या तिन्ही एकाच ठिकाणी लावलेल्या नसतात, पहिली वादी सांगाड्यावरून जाणाऱ्या एका वेगळ्या नवारीच्या पट्टीवर शिवलेली असते आणि मागच्या दोन मिळून दुसऱ्या पट्टीवर. म्हणूनच तंग बांधताना एक बक्कल कायम पहिल्या वादीला आणि दुसरं मागच्या दोनपैकी कुठल्याही एका वादीला लावायचं, म्हणजे एक पट्टी तुटली तरी दुसरी धरते. फक्त मागच्या दोन वापरल्या आणि ती पट्टी गेली तर सगळंच गेलं, तुम्ही घोड्यावर आणि सॅडल घोड्याच्या पोटाखाली. कित्येक वर्षं घोड्यावर बसणाऱ्या लोकांना पण हे माहीत नसतं आणि रायडिंग शाळेत फारसं कुणी सांगतही नाही. आमच्या कामात वाद्यांबरोबर नवारही नवीन टाकलीय, मी मुद्दाम पॅनल सैल असतानाच बघून घेतलं, कारण घामाने कुजते ती आधी नवार आणि दोरा, चामडं नंतर. वाद्या सगळ्या एकदम बदलल्या हेही बरोबर केलं, एकच जुनी झाली म्हणून एकच बदलली तर नवीन वादी ताणते, जुनी ताणायची तेवढी आधीच ताणून झालेली असते, मग तंग एका बाजूला ओढला जातो. दोन्ही बाजूंची भोकं एका पातळीत आहेत आणि त्यांच्याशेजारी नंबर कोरलेत, हे काम बघून फार बरं वाटलं.

आणि इथेच पहिली तक्रार. नवीन वाद्या ताणतात हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला माहीत होतं म्हणून काही झालं नाही पण एखाद्या नवख्या माणसाने पहिल्या दिवशी नेहमीच्या अंदाजाने तंग कसला असता आणि अर्ध्या तासाने सॅडल एका बाजूला घसरलं असतं. नवीन वाद्यांवर सुरुवातीला तंग तीनदा बघायचा, चढायच्या आधी, चढल्यावर, आणि दहा एक मिनिटं कदम चालवून झाल्यावर. त्यात आमची घोडी तंग कसताना पोट फुगवते ते वेगळंच. सुरुवातीला खालच्या म्हणजे टोकाकडच्या भोकांवर येत असेल तर चांगलं, कारण पुढे वादी लांबली की वर सरकायला जागा लागते, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यात वरच्या भोकावर येत असेल तर काही दिवसांनी तंग कसायला भोकच उरणार नाही, तेव्हा तंग लहान घ्यावा लागेल. वाद्यांना तेल लावायचं नाही, निदान सुरुवातीला तरी अजिबात नाही, तेलाने त्या आणखी मऊ होऊन आणखी ताणतात, भोकं लांबट होतात आणि एकदा भोक अंडाकृती झालं की ती वादी संपली समजा. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, बस. आणि नवीन वाद्या जाड असतात त्यामुळे बक्कल फ्लॅपवर, म्हणजे बाजूला पायाखाली लोंबणाऱ्या चामड्यावर, जास्त घासतं, बक्कलवर सरकवायचं चामड्याचं कव्हर जुनं आणि आखडलेलं असेल तर तेही याच वेळी बदलून घ्या.

लोकर भरण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, सगळा खेळ तिथेच असतो. बऱ्याच ठिकाणी करतात काय तर जुनी लोकर तशीच ठेवायची आणि जिथे खड्डा दिसेल तिथे वरून थोडी नवीन ढकलायची. थोडंसंच खचलं असेल आणि बाकी लोकर अजून मऊ असेल तर यात काही चूक नाही, पण जुनी लोकर घामाने आणि दाबाने घट्ट होऊन जुन्या गादीतल्या कापसासारख्या गाठी झालेली असेल तर नवीन लोकर त्या गाठींच्या भोवतीने बसते आणि गाठ घोड्याच्या पाठीत टोचतच राहते. आमच्या सॅडलमधून निघालेले गोळे मला दाखवले त्यांनी, काही नुसते कडक दगड झालेले. पूर्ण काढून भरायला मजुरी जास्त लागते हे खरं, पण निदान आत काय आहे ते नक्की कळतं.

भरताना डावी उजवी सारखीच भरायची असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं ते नेहमीच नसतं. आमच्या घोडीचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला आहे, घोड्यांमध्ये हे अगदी कॉमन आहे, त्यामुळे सॅडल घोड्यावर ठेवून, मागून बघून, मग कुठे किती ते ठरवायला लागतं. इथे त्यांनी घोडी बघितली, पाठीचा आकार वाकवायच्या पट्टीने कागदावर उतरवून घेतला, उभ्याने आणि चालवून दोन्ही. सॅडल नुसतं पार्सल करून पाठवायचं आणि तिकडे टेबलावर अंदाजाने भरून घ्यायचं हे शिवणीच्या कामाला चालतं, लोकरीच्या कामाला मला पटत नाही.

नवीन लोकर भरलेलं सॅडल पाठीवर थोडं उंच बसतं. बसल्यावर वेगळं वाटतं, आपण घोड्यापासून लांब आहोत असं, थोडं डुगडुगतं पण. घाबरायचं कारण नाही आणि लगेच फोन करून भांडायचंही कारण नाही, लोकर दबणारच आहे आणि ती दबेल हे धरूनच भरलेली असते. पण ती सारखी दबायला हवी, आणि ती सारखी दबेल का नाही हे पहिल्या काही राइड तुम्ही कशा करता त्यावर बरंच अवलंबून असतं. साधारण २० ते ३० तास बसून झालं की परत दाखवायचं, सहसा पहिल्या दोन तीन महिन्यांत, तेव्हा कारागीर जिथे कमी पडलंय तिथे थोडी लोकर घालतो. हे दुसऱ्यांदा दाखवणं दुरुस्तीचाच भाग आहे. आणि तेच मला सॅडल देताना कुणी बोललं नाही, मी विचारल्यावर "हो हो आणा की" असं उत्तर मिळालं. कापलेला स्टार मुख्यतः याचाच. एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या असत्या तरी चाललं असतं.

पहिल्या राइड छोट्या ठेवायच्या. अर्धा तास, कदम आणि दुडकी, सपाट जमिनीवर, डावीकडे उजवीकडे सारखी वळणं घेऊन. उड्या, लांबचा ट्रेल, डोंगर उताराचा रस्ता हे सगळं नंतर, उतारावर सॅडल पुढे रेटलं जातं आणि लोकर बसायच्या आधीच पुढे गोळा होते. सॅडलखालचं पॅड पातळ वापरायचं, जाड फोमचं किंवा जेलचं पॅड लावलं तर लोकर पाठीचा आकार घेतच नाही, पॅडचा घेते, शिवाय ज्या घोड्याला मापून भरलंय त्याला खाली जाड पॅड म्हणजे सॅडल एकदम घट्ट होऊन बसतं. चढताना स्टूल किंवा ओटा वापरायचा, हे तर एरवीही करावं पण आता नक्कीच. सगळे डावीकडून चढतात, जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढलं की पूर्ण वजन एका बाजूला लटकतं, सॅडल पिळलं जातं आणि नवीन लोकर डाव्या बाजूला आधी चेपते.

रिकिबीचे पट्टे पण याच वेळी नवीन घेतले असतील तर डावा उजवा अदलाबदल करत राहा, अगदी पहिल्या आठवड्यापासून, डावा पट्टा चढण्याच्या वजनाने जास्त लांबतो आणि मग दोन्ही बाजूंचं भोक तेच असलं तरी तुम्ही तिरके बसता. तिरकी बसलेली माणसं पाच मिनिटांत ओळखू येतात, त्यांचं सॅडल मात्र वर्षानुवर्षं कुणी ओळखत नाही, मागून बघितलं की एका बाजूचं पॅनल सपाट झालेलं असतं आणि दोष घोड्याला.

प्रत्येक राइडनंतर सॅडल काढलं की लगेच पाठ बघायची, खरारा नंतर. घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा हवा आणि मधे पाठीच्या कण्यावर कोरडा पट्टा, कारण दोन पॅनलच्या मधली पन्हळ तिथे टेकायलाच नको. घामाच्या मधेच एखादी छोटी कोरडी जागा दिसली तर तिथे एकतर खूप दाब आहे नाहीतर सॅडल टेकतच नाहीये, नुसत्या ठशावरून दोन्हीतलं कुठलं ते कळत नाही, त्यासाठी तंग बांधलेला असताना पॅनलखाली सपाट हात सरकवून बघायचा, पुढून मागे, दाब सारखा लागतो का कुठे हात अडकतो किंवा एकदम मोकळा सुटतो. तळहाताला गाठ लागली तर ती घोड्याला लागतेच आहे. त्वचा कोमट, सुजलेली, किंवा हात लावल्यावर घोडा पाठ खाली घेतोय असं वाटलं तर सॅडल बंद, बसेल हळूहळू म्हणून वापरत राहायचं नाही. सॅडलच्या जागी पांढरे केस आलेले जे घोडे दिसतात ना, ते बऱ्याचदा असंच "बसेल हळूहळू" म्हणून सोडून दिलेल्या दाबाचं काम असतं, दाबाने केसांच्या मुळाचा रंग जातो आणि तो सहसा परत येत नाही.

फिटिंग स्वतः कसं बघायचं तेही थोडक्यात. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, विदर्स, त्याच्या आणि सॅडलच्या कमानीच्या मधे दोन तीन बोटं जावीत, आणि ती माणूस वर बसल्यावर जावीत, नुसतं ठेवल्यावर तर काय कुठलंही सॅडल बरं बसतं. नवीन लोकर असताना इथे थोडी जास्त जागा दिसेल, ती कमी होत होत दोन तीन बोटांवर आली की तिथेच थांबायला हवी, एका बोटापर्यंत आली तर लगेच दाखवायला न्या. सॅडल खांद्याच्या हाडाच्या मागे बसायला हवं नाहीतर पुढचा पाय मोकळा टाकता येत नाही, आणि मागे शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपायला हवं. घोड्याला साधारण १८ बरगड्यांच्या जोड्या असतात, शेवटची हाताने चाचपून सापडते, तिथून वर पाठीकडे बोट नेलं की सॅडलची हद्द कळते. त्यामागे कमरेला वजन पेलायला बरगड्यांचा आधार नाही.

आता दुसरी तक्रार, ही छोटी आहे. सॅडल देताना वरून चकाकी यावी म्हणून काहीतरी चोपडलेलं होतं, फ्लॅपवर, सीटवर, अगदी भरपूर. हाताला चिकट लागत होतं आणि पांढऱ्या ब्रीचेसवर म्हणजे रायडिंगच्या पँटवर बसलात तर मागे तपकिरी छाप नक्की. आधी कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून काढलं, मग थोडा ग्लिसरीन साबण. साबण लावताना फेस करायचाच नाही, फेस झाला म्हणजे पाणी जास्त झालं, स्पंज नुसता दमट हवा. पारंपरिक सॅडल सोप अल्कधर्मी असतो आणि वनस्पतीच्या अर्काने कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी, त्यामुळे साबण चामड्यात ठेवून द्यायचा नसतो, घासून झालं की स्वच्छ ओल्या फडक्याने परत पुसून घ्यायचं. रोज साबण लावणारे लोक चामडं कोरडं पडतंय म्हणून मग रोज तेल लावतात, कशासाठी कुणास ठाऊक. रोज फक्त घाम पुसा, घामातलं मीठ चामड्यात आणि टाक्यांत बसतं ते घातक, साबण जेव्हा खरंच मळ दिसेल तेव्हा.

तेलाबद्दल माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही. नीट्सफूट तेल, जे गुरांच्या नडग्यांच्या आणि पायांच्या हाडांपासून काढतात, ते कोरड्या ठणठणीत चामड्याला जीव आणतं यात वाद नाही, पण दुरुस्त होऊन आलेल्या सॅडलवर ओतायची ती गोष्ट नाही. जास्त तेल झालं की चामडं काळं पडतं, लोंबतं, ताकद जाते, टाक्यांच्या भोकांतून तेल आत उतरतं आणि नवीन भरलेल्या लोकरीत जाऊन बसतं, म्हणजे पैसे देऊन मऊ करून घेतलेली लोकर तुम्हीच परत चिकट गोळा करून टाकता. पॅनलच्या आतल्या बाजूला तेल अजिबात नको. लावायचंच तर फ्लॅपच्या खालच्या खरखरीत बाजूला, ती बाजू लवकर शोषते, ब्रशने किंवा हाताने पातळ एक हात, आणि मग पूर्ण एक दिवस थांबायचं, दुसऱ्या दिवशी चामडं बघून ठरवायचं अजून हवं का. बहुतेक वेळा नको असतं. नवीन जोडलेला तुकडा जुन्याच्या रंगाला यावा म्हणून लोक तेलावर तेल लावतात, त्यापेक्षा वापराने आणि उजेडाने तो आपोआप गडद होतो, थोडी वाट बघा. मी मेण असलेला बाम वापरते, सीटवर आणि फ्लॅपच्या वरच्या बाजूला अगदी कमी, कोरड्या फडक्याने चोळून शेवटी काही उरलं नाही इतपत.

नवीन सॅडल किंवा नवीन शिवलेले भाग करकरतात, चामड्यावर चामडं घासतं म्हणून. दुडकीत प्रत्येक पावलाला कुरकुर, कुरकुर, डोकं उठतं. बहुतेक वेळा वापराने जातं, नाही गेलं तर दोन थरांच्या मधे थोडी टाल्कम पावडर टाकून बघा. मात्र हा आवाज फ्लॅपकडून येतोय का आतून सीटच्या खालून येतोय ते आधी ऐका, आतून येत असेल तर पावडर बिवडर ठेवा बाजूला आणि वर सांगितली ती ट्रीची तपासणी परत करा.

भिजलं तर काय हा प्रश्न येतोच. पाऊस लागला किंवा नदी ओलांडली तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि हवा खेळती असेल अशा सावलीत ठेवा. हीटरजवळ नको, उन्हात नको, हेअर ड्रायर तर नकोच, पटकन वाळलेलं चामडं आखडतं आणि त्याला चिरा पडतात. अजून थोडं दमट असतानाच बाम लावला तर चांगला मुरतो. लोकर आतून भिजली असेल तर ती वरून कोरडी वाटली तरी आत ओलीच असते, तिला पूर्ण वेळ द्या, ओल्या लोकरीवर बसलं की ती दाबली जाऊन तशीच घट्ट होते. वेस्टर्न सॅडलवाल्यांसाठी, तुमच्याकडे लोकर भरायची भानगड नसते पण खाली जी मेंढीची कातडी असते तिची तीच कथा, ओली दाबू नका, आणि तंग बांधायचा लांब पट्टा, लॅटिगो, तो नवीन टाकला असेल तर तोही ताणतो, गाठ परत परत बघा.

ठेवायच्या रॅकबद्दल पण बोलते कारण दुरुस्तीवर खर्च करून लोक सॅडल एका पाइपवर टांगतात. बारीक पाइपचा सगळा दाब पॅनलच्या एकाच रेषेवर येतो आणि नवीन लोकरीत तिथे खाच पडते, मग ती खाच घोड्याला लागते. रुंद, गोलाकार, दोन्ही पॅनलना सारखा आधार देणारा रॅक हवा आणि त्यावर सॅडल मधोमध. दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते, सुती कापड पुरे. चामड्यावर पांढरं काही दिसलं तर ती बुरशीच असेल असं नाही, कमावताना घातलेली किंवा तुम्ही चोळलेली चरबी थंडीत वर येऊन पांढरी पडते, हाताच्या उबेने ती वितळून नाहीशी होते. बुरशी वितळत नाही, तिला वास येतो आणि ती पुसली तरी दमटपणा असेपर्यंत परत येते.

दुसऱ्या वेळी दाखवायला नेलं तेव्हाचा अनुभव चांगला होता हे नमूद करायला हवं. डाव्या बाजूला मागे थोडं खचलं होतं, त्यांनी पॅनलवर हात फिरवून मी काही बोलायच्या आधीच ती जागा पकडली, थोडी लोकर घातली, वेगळे पैसे मागितले नाहीत. शिवणीच्या कामात एकही टाका हललेला नव्हता. घोडीची पाठ चाचपली, चालवून बघितली आणि हेही सांगितलं की तिचं वजन, स्नायू, व्यायाम बदलेल तसा पाठीचा आकार बदलत राहणार, तेव्हा वर्षातून एकदा तरी नुसतं बघून घ्या, भरायची गरज नसली तरी. हे सगळं पहिल्याच दिवशी बोलले असते तर पाचपैकी पाच.

कुणाला सुचवेन? सॅडल चांगल्या चामड्याचं असेल, ट्री धड असेल आणि तुम्ही पुढचे काही महिने नीट वापरायला तयार असाल तर नक्की द्या. फोम भरलेल्या पॅनलवाल्यांनी आधी विचारून घ्या, फोममध्ये लोकर ढकलता येत नाही, त्याला पॅनल बदलावं लागतं किंवा पूर्ण लोकरीचं करून घ्यावं लागतं आणि तो हिशोब वेगळा आहे. स्पर्धा तोंडावर आली असेल तर आधी अजिबात देऊ नका, नवीन लोकरीवर उड्या मारायला लागाल आणि मग दोष त्यांना द्याल.

त्यांच्याकडे तंगसुद्धा मिळतात, दोन्ही टोकांना इलॅस्टिक असलेले, ते चांगले, एकाच बाजूला इलॅस्टिक असलेला तंग त्या बाजूने जास्त ओढला जातो आणि सॅडल तिरकं धरतो. माझा जुना अजून बरा आहे म्हणून घेतला नाही.